काळी बेल्जियन बिअर पिताय? आधी फ्रीजरमधून बाहेर काढा

मुंबईत बिअर म्हटलं की तोंडातून पहिला शब्द येतो तो चिल्ड. वाइन शॉपच्या जाळीतून पैसे आत सरकवताना आपण ब्रँड नंतर सांगतो, "एकदम थंडी देना" आधी सांगतो, आणि त्यात काही चूक नाही, मे महिन्यात लोकलमधून घामाने चिंब होऊन उतरलेल्या माणसाला लागरच, म्हणजे आपली नेहमीची पिवळी बिअरच हवी आणि ती दात शिवशिवतील इतकी गारच हवी. घोळ होतो तो बेल्जियन डार्कच्या बाबतीत. तिलापण आपण तेच करतो.

माझी पहिली बाटली मित्राच्या सुटकेसमधून, मोज्यात गुंडाळून आली. शिमे या बेल्जियन ब्रँडची निळ्या लेबलवाली, ९ टक्के. सवयीने तासभर फ्रीजरमध्ये टाकली, ग्लासपण फ्रीजरमध्ये ठेवला आणि मॅच बघत बघत ओतून घेतली. चव काय, तर गार, गॅसवाली, मागे जरा औषधासारखी, संपला विषय. अर्धा ग्लास टेबलावर तसाच सोडून मी मित्राला खाली सोडायला गेलो आणि गेटपाशी गप्पांत पाऊण तास गेला. वर आलो तर आत्या ग्लास घेऊन बेसिनकडे निघालेली आणि मध्येच थांबून हुंगत उभी. आत्या कोल्हापूरची, दारूला आयुष्यात शिवलेली नाही, मुलुंडला आमच्याकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती. म्हणाली, "काय रे, काकवी घातलीयस का काय ह्यात?" मी हसलो, मग ग्लास घेऊन हुंगला. च्यायला, काकवीच. त्याच्यामागे खजूर, आणि अगदी शेवटी लवंग. तीच बिअर, तोच ग्लास, फक्त मधे पाऊण तास मुंबईची हवा लागलेली.

तर खाली जे लिहितोय ते सगळं त्या पाऊण तासातून शिकलेलं आहे, नंतर बरंच पिऊन आणि थोडं वाचून.

आधी ही बिअर काय आहे ते थोडक्यात, कारण ते कळलं की काय शोधायचं ते कळतं. काळी म्हटली की आपल्याला स्टाउट आठवते, कॉफीसारखी, कडू. तिथे रंग आणि तो कॉफीसारखा कडवटपणा दोन्ही जळेपर्यंत भाजलेल्या धान्यातून येतो. बेल्जियन डार्कचा रंग मुख्यतः साखरेतून येतो. बिटाच्या साखरेचा पाक करून तो तपकिरी-काळा होईपर्यंत आटवतात, त्याला कँडी सिरप म्हणतात, आणि तो बिअर उकळताना त्यात जातो. म्हणजे आत्याला जी काकवी लागली ती तिची कल्पना नव्हती, उसाऐवजी बीट एवढाच फरक. आता गंमत अशी की साखर घातली म्हणून बिअर गोड होत नाही, उलट यीस्ट ती साखर जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, त्यामुळे अल्कोहोल वाढतं आणि बिअर तोंडाला हलकी लागते. वास गोड, घोट मात्र शेवटी कोरडा. हे आधी माहीत नसलं तर पहिल्या घोटाला फसवल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट यीस्ट. साधी लागर १०-१२ डिग्रीला निवांत आंबवतात आणि तिथलं यीस्ट आपल्या वासाचा फारसा गाजावाजा करत नाही. बेल्जियन यीस्टला २० च्या पुढे जाऊ देतात, काही ठिकाणी त्याहून बरंच वर, आणि त्या गरमीत ते केळ्यासारखे, नासपतीसारखे, लवंगेसारखे वास तयार करतं. बाहेरून लवंग कोणी टाकत नाही. मला हे दोन वर्षं पटत नव्हतं.

नावांची भानगड. डबल म्हणजे साधारण ६ ते ८ टक्के, गडद तपकिरी. तिच्यावर क्वाड्रुपल किंवा बेल्जियन डार्क स्ट्राँग, ९ पासून ११-१२ पर्यंत. डबलचं आजचं रूप वेस्टमाल नावाच्या मठाने १९२६ मध्ये पक्कं केलं असं मानतात, क्वाड्रुपल हे नाव ला ट्राप या डच मठाने १९९१ मध्ये चालवलं, म्हणजे ते नाव दिसतं तेवढं जुनं नाही. शिमे, रोशफोर, वेस्टव्लेटरेन हेही मठच, ट्रापिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या साधूंचे. लेबलवर षटकोनी शिक्का दिसला तर ती बिअर मठाच्या आवारातच, साधूंच्या देखरेखीखाली बनलीय आणि पैसा मठाच्या खर्चाला आणि दानधर्माला जातोय असं समजायचं. ज्याच्यावर नुसतं मठाचं चित्र आणि ॲबे असा शब्द असतो ती कुठल्याही कारखान्यातली असू शकते, चांगली असू शकते, पण साधूंचा संबंध असेलच असं नाही. आणि रोशफोरचे ६, ८, १० हे आकडे अल्कोहोलचे टक्के नाहीत हां, ती जुनी बेल्जियन मापं आहेत, आंबवायच्या आधी पाण्यात साखर किती दाट होती त्याची. १० नंबरवाली प्रत्यक्षात ११.३ टक्के आहे. हा घोळ करून एक मित्र सोफ्यावर झोपलेला मी पाहिलाय.

एवढ्या तेज बिअर तिथे का, यामागे एक कायदापण आहे. १९१९ मध्ये बेल्जियमने बारमध्ये हार्ड दारू विकायला बंदी घातली आणि ती चांगली १९८३ पर्यंत टिकली, मग लोकांची तलफ भागवायला बिअरच जड होत गेली असं सांगतात. आपण तर परमिटच्या राज्यातले, दारूबंदीचा कायदा १९४९ चा, आपल्याला हे पटकन समजेल.

तेज म्हणजे किती ते एकदा हिशेब करून बघा. ३३० मिलीची ९ टक्क्यांची बाटली म्हणजे जवळपास ३० मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा ६० चा पेग ४२.८ टक्क्यांनी साधारण २६ मिली होतो. छोटी दिसते म्हणून दोन-तीन मारायची वस्तू ही नाही, दोघांत एक घ्या, टेस्टिंगला तेवढं पुरतं. गाडी घेऊन जाऊ नका, लोकलने जा, परतायला रिक्षा. आणि महाराष्ट्रात बिअरला २१ पूर्ण लागतात, हे माहीत असेलच.

मिळणार कुठे? इम्पोर्टेड माल ठेवणाऱ्या मोठ्या वाइन शॉपमध्ये शिमे वगैरे कधी असते कधी नसते, फोन करून जा. दुसरा रस्ता म्हणजे ब्रूपब, जिथे बिअर तिथेच बनवून विकतात. पुण्यात २००९ ला डूलालीने सुरुवात केली, मुंबईत २०१३ ला लोअर परळला पहिला ब्रूपब उघडला, आणि आता अंधेरीपासून कमला मिलपर्यंत टाक्या दिसतात. तिथे "बेल्जियन" विचारलं की दहातल्या नऊ वेळा विट आणून देतात, ती पांढरट, गढूळ, संत्र्याची साल आणि धणे घातलेली. ती बेल्जियनच, आवडतेही, पण आपली ती नाही. आणि "डार्क" विचारलं की स्टाउट येते. म्हणून सरळ विचारायचं की डबल आहे का, यीस्ट बेल्जियन आहे का. अनेक ठिकाणी ती फक्त डिसेंबरच्या आसपास असते. आधी छोटा सँपल मागा, लाजायचं नाही, देतात. आणि सँपलरचा ट्रे घेतलात तर ही सगळ्यात शेवटी प्या, हिच्यानंतर विट प्यायलात तर लिंबूपाणी वाटेल.

बाटली घेताना तारीख वाचा आणि ती दुकानात कुठे ठेवली होती ते बघा. काचेच्या शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली महिनोनमहिने उभी असलेली मी घेत नाही. उजेडाने बिअरला एक घाणेरडा वास येतो, जळालेल्या रबरासारखा. तपकिरी काच बराच उजेड अडवते पण चमत्कार करत नाही.

आता घरी. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा, आडवी नाही, कारण यातल्या बऱ्याच बिअर बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात आणि तळाला यीस्टचा गाळ असतो, तो खाली बसायला हवा. फ्रीजमधून काढल्यावर लगेच उघडू नका. आपल्याला हवीय १० ते १४ डिग्री. फ्रीज असतो ४-५ ला. मुंबईच्या ३० डिग्रीच्या हवेत ३३० ची बाटली ओट्यावर ठेवली तर वीसेक मिनिटांत काम होतं. थर्मामीटर लागत नाही, बाटलीला आधी दरदरून घाम सुटतो, खाली पाण्याचं तळं होतं, आणि मग हात लावला तर माठातल्या पाण्याइतकी गार लागते. त्याच वेळी उघडायची. उलटं असेल, म्हणजे बाटली कपाटातून काढली असेल, तर बर्फ अधिक पाणी भरलेल्या पातेल्यात उभी करून १०-१५ मिनिटं. नुसत्या बर्फात नको, पाणी असलं की लवकर गार होते. फ्रीजर नकोच, विसरलात तर बाटली फुटते आणि वर मटारच्या पाकिटांवर चिकट बर्फ, हे पण झालंय आमच्याकडे.

ग्लास कोणता? बेल्जियममध्ये यासाठी रुंद तोंडाचा, दांडीवाला जाड ग्लास असतो, चषकच म्हणा. आपल्याकडे कोणाच्या घरी नसतो. रेड वाइनचा ग्लास मस्त चालतो, ब्रँडीचा फुगीरही चालतो. नको तो बिअरचा मग, आणि फ्रीजरमधून काढलेला बर्फ लागलेला ग्लास तर अजिबात नको. एका बऱ्यापैकी नावाजलेल्या ठिकाणी मला डबल अशा गोठवलेल्या मगमध्ये मिळाली, मी विनंती केली की साधा ग्लास द्या, तर वेटर माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी चहात बर्फ मागितला. शेवटी वाइन ग्लास आला.

ग्लास स्वच्छ म्हणजे खरंच स्वच्छ. आपल्याकडे त्याच घासणीने मटणाचं पातेलं आणि त्याच घासणीने ग्लास, त्यामुळे काचेवर तेलाचा पातळ थर राहतोच आणि तेल म्हणजे फेसाचा काळ. वेगळ्या स्पंजने धुवा, भरपूर पाण्याने खळबळा, उपडा ठेवून वाळू द्या, फडक्याने पुसू नका. ओतल्यावर ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर ग्लास तेलकट आहे.

ओतताना ग्लास तिरका, बारीक धार, अर्धा भरला की सरळ करून मधोमध ओता म्हणजे फेस चढेल. या बिअरला गॅस भरपूर असतो, घाई केलीत तर टेबलक्लॉथ गेला. दोन बोटं फेस हवाच, वास त्यातूनच नाकापर्यंत येतो. तळाशी बोटभर राहिली की थांबा, गाळ वर यायला लागतो. तो टाकायचा नाही, त्याचं नंतर.

रंग बघायला ग्लास खिडकीकडे किंवा मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. मधे काळपट वाटेल, कडेला लाल झाक दिसेल, कोकमाचं आगळ पाण्यात घातल्यावर दिसतं तसं. फेस पांढराशुभ्र नसतो, दुधात चहाचे दोन थेंब पडल्यासारखा. बस, रंगावर याहून जास्त वेळ घालवू नका.

खरा वेळ वासावर घाला. आणि इथे माझं एक ठाम मत आहे. इंग्रजी लेबलवर प्लम, फिग, टॉफी, रम रेझिन असं लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचून मान डोलावतो, पण प्लम आपल्यातल्या किती जणांनी लहानपणी झाडावरून तोडून खाल्लाय? वास ओळखणं म्हणजे आठवण, आणि आपली आठवण आपल्या स्वयंपाकघरात आहे. म्हणून पहिल्यांदा टेस्टिंग करताना मी सहा वाट्या मांडायला सांगतो. काकवी, काळा मऊ खजूर, मनुका, दोन लवंगा चेचून, अतिपिकलेलं वेलची केळं काळे डाग पडलेलं, आणि कढईत जरा जास्तच लाल केलेला साखरेचा पाक. बिअर ओतायच्या आधी एकेक वाटी हुंगून घ्या. मग ग्लास हलकासा गोल फिरवा, वर तळहात ठेवा दोन सेकंद, काढा आणि छोटे छोटे दोन-तीन हुंगे घ्या, कुत्रं हुंगतं तसे, एकच लांब श्वास नाही. नाक दमलं तर स्वतःच्याच बाहीचा वास घ्या, नाक परत कोरं होतं.

पहिल्यांदा बहुतेकांना काकवी किंवा पाक सापडतो. मग खजूर-मनुका. लवंग लाजाळू असते, तिला शोधावं लागतं, आणि केळं काही बाटल्यांत अगदी समोर येतं काहींत अजिबात नाही. एका मैत्रिणीला अनारशाचा वास आला, तळताना येतो तो, आणि तिने सांगितल्यावर मला पण आला. दुसऱ्या एकाला गावच्या गुऱ्हाळाचा. कोणी म्हणालं मला नुसता दारूचा वास येतोय, तर तेही बरोबर, बिअर अजून गार आहे, पाच मिनिटं थांबा.

घोट मोठा घेऊ नका, चमचाभर घ्या आणि तोंडात सगळीकडे फिरू द्या, दाढांपर्यंत. पहिला घोट हिशेबात धरायचा नाही, तो फक्त तोंडाला ओळख. दुसऱ्या घोटाला एक खेळ करा. नाक चिमटीत धरा, घोट घ्या, गिळा आणि मग नाक सोडा. धरलेलं असताना फक्त जरा गोड, जरा कडू, जरा गॅस एवढंच कळतं. सोडलं की खजूर, लवंग सगळं मागून, घशाकडून नाकात येतं. सर्दी झाल्यावर वरण बेचव का लागतं तेच हे. पक्या नावाच्या मित्राला हे करून दाखवलं तर तो चार वेळा नाक धरून पित बसला, बाजूच्या टेबलवरचे बघत होते.

मग बघायचं की गोडी कुठे संपते. चांगल्या डबलमध्ये सुरुवात गोडसर, मधे सुकामेवा, आणि गिळल्यावर जीभ कोरडी, जराशी कडसर, पुढचा घोट मागणारी. जिभेवर चिकट पाक राहिला तर बनवणाऱ्याकडून आंबवणं अर्धवट राहिलंय. क्वाड्रुपलमध्ये छातीत उबदार वाटेल, हळदीचं गरम दूध प्यायल्यावर वाटतं तसं. तेही ठीक. पण घशात जळजळ आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास म्हणजे आंबवताना गरमी हाताबाहेर गेली. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे जुनी झाली, हवा लागली. ब्रूपबमध्ये थिएटरच्या बटर पॉपकॉर्नसारखा वास आला तर घाईत टाकीतून काढलीय, सांगा त्यांना, शांतपणे सांगितलं तर बहुतेक जण बदलून देतात.

ग्लास एका दमात रिकामा करू नका, दर दहा मिनिटांनी एक घोट आणि दर वेळी आधी हुंगायचं. १० डिग्रीला लवंग पुढे असते, १४ च्या आसपास सुकामेवा, आणि त्याच्याही वर गेली की अल्कोहोल डोकं वर काढतं. कुठल्या टप्प्यावर तुम्हाला आवडली ते लक्षात ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करा. पावसाळ्यात पंखा बंद करून बसलात तर अजून मजा, पंख्याने वास उडून जातो, हे कोणी सांगत नाही.

चखना. शेव, मसाला पापड, शेझवान काहीही, नको. तिखट आणि गॅस आणि अल्कोहोल एकत्र आले की तोंडाला आग लागते आणि बाकी काही कळत नाही. भाजलेले बिनमसाल्याचे काजू, साधं चीज, इराण्याकडचा मावा केक. जेवणात भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातलं मटण, फक्त मिरची हात राखून, कारण खोबरं भाजल्याचा वास आणि या बिअरमधला भाजलेपणा एकमेकांना ओळखतात. गोड खाणार असाल तर बिअरपेक्षा कमी गोड घ्या. मी संक्रांतीला गुळपोळीबरोबर पिऊन बघितली, वाटलं होतं गुळाला गूळ मिळेल, झालं उलटं, पोळीच्या गोडीपुढे बिअर पाणचट आणि कडू लागायला लागली.

आता तो गाळ. ग्लास संपत आला की बाटली गोल हलवून उरलेली बोटभर बिअर दुसऱ्या छोट्या ग्लासात ओता आणि वेगळी चाखा. गढूळ असते, ताज्या पावासारखा वास येतो, जरा तुरट. काही बेल्जियन लोक ती मुद्दाम पितात, काही ओतून देतात. मला दोन घोट आवडते, पण पोटात गॅस होणाऱ्यांनी वाटेला जाऊ नये.

आवडली तर दुसऱ्यांदा दोन बाटल्या घ्या. एक प्या, एकीवर तारखेची चिठ्ठी चिकटवून वर्षभर ठेवा, ८ टक्क्यांच्या वरची बाटलीत आंबवलेली असेल तर ती सावकाश बदलत जाते, लवंग मागे पडते आणि मनुका पुढे येते. मुंबईत कपाटात ठेवू नका, एप्रिल-मे मध्ये तिथे भट्टी असते आणि बिअर शिजून निघते. फ्रीजमध्ये सगळ्यात कमी गार जागा, म्हणजे दरवाजा नाहीतर भाजीचा ट्रे, उभी मावत असेल तिथे. माझी सध्या भाजीच्या ट्रेमध्ये मेथीच्या जुडीला टेकून उभी आहे, चिठ्ठीवर तारीख आहे आणि तारखेखाली आईसाठी लिहिलंय की हे व्हिनेगर नाही, लोणच्यात घालू नये.